सूर कुठे तोडायचा

माझ्या पोटावर, बेंबीच्या चार बोटं वर, बिब्ब्याचे तीन डाग आहेत. मी सहा वर्षांची असताना ते दिले. दमा पोटातून वर चढतो, त्याची वाट जाळून टाकली की तो चढणार नाही, असं डाग देणाऱ्या बाईचं म्हणणं होतं. दमा दुसऱ्या वाटेने आला. मग अडुळशाचा काढा झाला, धोतऱ्याच्या सुक्या पानांचा धूर झाला, रत्नागिरीच्या डॉक्टरची लाल औषधाची बाटली झाली. वय वाढलं की जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी सत्तरी ओलांडली, त्यांनी सांगितलेलं वय अजून यायचं आहे.

आमचं गाव रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, शहरापासून तासाभराच्या चालीवर. वडील शहरात कचेरीत कारकून होते. सकाळी न्याहारी करून पायी जायचे, दिवेलागणीला परत यायचे. शिवाय ते गावच्या देवीच्या पाच पंचांपैकी एक होते आणि कारकुनीपेक्षा त्यांना ह्या पंचपणाचा अभिमान जास्त होता. कोट खुंटीवर आणि देवळाचं उपरणं कपाटात, यावरून काय ते समजावं.

माझा दमा ही आमच्या घरात झाकून ठेवायची गोष्ट होती. मी आठ-नऊ वर्षांची होते, म्हणजे दोन-चार वर्षांत स्थळं बघायला लागणार. दमेकरी मुलगी कोण करून घेईल? पाहुणे आले आणि माझा श्वास वाजत असला, की मला मागच्या खोलीत घालून आई दार ओढून घ्यायची आणि बाहेर येऊन सांगायची, "तिला जरा पडसं झालंय." मीही शहाणी होते. उशी तोंडाशी धरून घुरघुर आतल्या आत दाबायची कला मला लवकर साधली.

दमा उठायचा पहाटे, उजाडता उजाडता. त्याच सुमाराला देवळात सनई सुरू व्हायची. हे दोन्ही माझ्या डोक्यात इतके जोडले गेले होते की सनईचा पहिला सूर ऐकला की छाती आपोआप आवळायची. ज्यांना दमा नाही त्यांना तो कसा सांगावा? माणसाला हवा मिळत नाही असं लोकांना वाटतं. माझ्या मते खरा छळ भीतीचा असतो. प्रत्येक श्वास शेवटचा आहे असं वाटतं आणि म्हणून तो सोडवत नाही.

आमच्या परसाच्या टोकाला जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता. गडग्यापलीकडे घडशांची तीन घरं. देवळात सनई वाजवायची चाकरी त्यांची, आणि त्या चाकरीपोटी ओढ्याकाठचा भाताचा एक तुकडा त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या होता. सनई दोघांनी वाजवायची असते. एक जण गाणं वाजवतो. दुसरा सूर धरतो, म्हणजे त्याने एकच स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून ठेवायचा. मधे थांबायचं नाही. गाल फुगवून त्यातली हवा नळीत सोडता सोडता नाकाने नवी हवा आत ओढायची. ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाला श्वास लागतच नाही. आमच्या शेजारच्या घरातला म्हातारा पन्नास वर्षं सूर धरत होता. त्याने वाजवलेलं गाणं गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी त्याला आजा म्हणायचे, तेही अरे-तुरे करून. आमच्याकडे तशीच रीत होती आणि आज मला तिची लाज वाटते.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षी, थंडीतली एक सकाळ. आई मला घेऊन परसात बसली होती. मी गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर करून हवा ओढत होते. म्हातारा देवळातून परतला होता, गडग्यापाशी थांबला. आईने पदर माझ्यावर ओढला, पण आवाज पदराखाली कसा राहणार?

"वयनीबाय," तो म्हणाला, "पोरीला हवा मिळत नाय असा नाय. ती नुसती घेतंय. सोडीत नाय. भरलेल्या घागरीत आनकी पानी कुटं मावनार?"

बिब्बेवालीला, वैद्याला आणि डॉक्टरला जे कळलं नव्हतं, ते याने गडग्यापलीकडून नुसत्या कानाने ओळखलं. आयुष्यभर श्वासच ऐकत आलेला माणूस तो. आई मात्र घाबरली होती ती वेगळ्याच कारणाने. ती म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हो."

"कुनाला बोलू? माज्याशी कोन बोलतंय?"

घडशांच्या घरात पोरांना सूर शिकवायची एक जुनी रीत होती. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. तो कापून करवंटीतल्या पाण्यात धरायचा आणि फुंकायचं. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत, एक क्षणही थांबता कामा नयेत. म्हातारा सांगायचा की बुडबुडा थांबला की त्याचा बाप बांबूच्या चिवारीने पोटरीवर मारायचा. पोटरीवर वळ उठायचे, पण दोन वर्षांत बुडबुडे थांबेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गडग्यावर एक करवंटी आणि एक ताजा देठ ठेवला. आईने सोवळ्याओवळ्याचा विचार करून घेतला असावा, कारण तिने देठाची दोन्ही टोकं निरखून पाहिली. म्हातारा हसला. "आताच कापलाय. माजा तोंड नाय लागला. आनी बायचा झाल्यावर फेकून द्या." तो आपल्या बाजूला गडग्याला टेकून बसला, मी माझ्या बाजूला. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. "मी सूर धरतंय," तो म्हणाला. "माजा सूर हाय तवर तू पान्यात फुक. हलू फुक. जोर नुको."

त्याने सूर धरला. मी फुंकायला लागले. मन लावून, कारण मला बरं व्हायचं होतं. सूर थांबेना. मी फुंकत राहिले. छातीतलं होतं नव्हतं ते सगळं पाण्यात गेलं, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, सूर आपला चालूच. तो थांबेल तेव्हा श्वास घ्यायचा, असं मी धरून चालले होते. तो थांबलाच नाही. मी करवंटीवर तोंडघशी पडले.

आईने जे ऐकवायचं ते त्याला ऐकवलं. म्हातारा गडग्यापलीकडे उभा राहून खाली मान घालून ऐकत होता. नंतर त्याने जे सांगितलं ते मी विसरले नाही. "चूक माजी हाय. मानसाला मधी श्वास घ्यावा लागतो, ह्ये माज्या ध्यानातच नाय रायला." पन्नास वर्षं आपला श्वास लपवत आलेल्या माणसाला श्वास घेणं दिसतं कसं, ऐकू येतं कसं, हेच आठवेना.

चार दिवस तो आला नाही. त्या चार दिवसांत त्याच्या परसातून एक विचित्र आवाज येत होता. सूर लागायचा आणि मधेच तुटायचा, पुन्हा लागायचा आणि पुन्हा तुटायचा. लहान पोर शिकतंय असं वाटावं. त्याची म्हातारी बायको माझ्या आईला कौतुक आणि काळजी एकत्र करून सांगत होती, "खुळावले हायत. सूर तोडायला शिकतायत." तिचा नवरा बापाच्या चिवारीने जे अंगात मुरवलं होतं ते उपटून काढत होता.

पाचव्या दिवशी त्याने मला पुन्हा बसवलं. आता त्याचा सूर चार मोजेपर्यंत जायचा आणि तुटायचा. तुटल्यावर तो मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम आवाज करून, नाकाने सूं करून श्वास घ्यायचा. त्या जागेत मीही श्वास घ्यायचे. मग पुन्हा सूर, पुन्हा माझे बुडबुडे. सूर लांब, तुटलेली जागा लहान. माझी छाती त्याच्या मागून चालायला लागली. अर्ध्या घटकेत खांदे खाली आले. घुरघुर राहिली, पण तिच्यातली धास्ती गेली. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी देठ चावून टाकला.

"ह्यानं दमा जायचा नाय," तो पलीकडून म्हणाला. "ह्यानं भ्या जातं. दम्यासंगत ऱ्हायला शिक." इतकं सरळ मला त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही वैद्याने सांगितलेलं नाही.

ते पुढे दोन वर्षं चाललं. देवळातली सनई संपली की म्हातारा परत यायचा, गडग्याला टेकायचा आणि माझ्यासाठी सूर तोडायचा. गावाला आवाज जायचा, पण घडशी आपल्या परसात सूर घासत बसला तर कोण विचारणार? वडिलांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला तेव्हा कळत नसे. त्या वेळेला ते नेमके मागीलदारी रहाटाशी राखुंडीने दात घासत असायचे, आमच्याकडे पाठ करून. त्यांचं दात घासणं फार वेळ चालायचं. आई त्यांच्याशी यावर कधी बोलली नाही आणि तेही बोलले नाहीत. त्यांनी ते न पाहिल्यासारखं करणं हीच त्यांची परवानगी, असं आम्ही धरून चाललो होतो.

म्हाताऱ्याची एक नात होती, चार वर्षांची. पहिल्या वर्षीच्या मार्गशीर्षात तिला डांग्या खोकला झाला. त्याने तिलाही आपल्या बाजूला देठ आणि करवंटी देऊन बसवलं. ती खोकली की पाणी उडायचं आणि ती खोकता खोकता हसायची. मला तिचा राग यायचा. सूर माझा होता ना! गडग्यावरून डोकावून मी तिला एकदा म्हणाले सुद्धा, "नीट फुंक, नाहीतर जा." तिला खोकल्याची उबळ आली की सुराचा काही उपयोग होत नसे. सूर तुटायच्या जागेपर्यंत ती पोचतच नसे. पंधरा दिवसांत ती गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा येऊन गडग्याला टेकला. आई म्हणाली, "आज राहू दे हो." तो म्हणाला, "दमा रायलाय का?" आणि सूर धरला. त्या दिवशी त्याचा सूर थोडा हलत होता. मी फुंकत होते आणि रडत होते. रडताना श्वास सोडता येतो हेही मला त्याच दिवशी कळलं. नातीची करवंटी पलीकडे बरेच दिवस तशीच पडून होती.

आता शिमग्याचं सांगते. देवीची पालखी देवळाबाहेर निघते तेव्हा उंबरठ्यावर ती तीन वेळा पुढे-मागे हलवतात. त्या वेळी ढोल थांबतात, लोक बोलायचे थांबतात, गाणं वाजवणारी सनईसुद्धा थांबते. फक्त सूर चालू राहतो. देवी सुराच्या आधाराने उंबरठा ओलांडते अशी आमच्या गावची समजूत. तिच्या पायाखालची ती वाट, म्हणून तो सूर तुटता कामा नये. तो तुटल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आमचं गडग्यावरचं दोन वर्षं होत आलं त्या शिमग्याला पालखी उंबरठ्यावर आली, सगळं थांबलं, सूर एकटा उरला. मी आईबरोबर बायकांत उभी होते. पालखी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली, आणि सूर तुटला. सूं करून श्वास घेतल्याचा आवाज सगळ्या देवळाला ऐकू गेला. मग सूर पुन्हा लागला. सगळं देऊळ दचकलं. दचकले नाही ती मी एकटी, कारण त्या जागेत मी सवयीने श्वास घेतला होता.

मला तिथल्या तिथे कळलं की हे माझ्यामुळे झालं. दोन वर्षं रोज सकाळी त्याने जे नेटाने अंगाला लावून घेतलं, ते तिथे न विचारता बाहेर आलं. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि गाल फुगलेलेच होते.

पुढे चैत्रात गुरांची साथ आली. तोंडाला फेस येऊन बैल बसायला लागले. तशी साथ संगमेश्वराकडेही होती आणि राजापुराकडेही, आणि तिकडच्या देवळांत कुणी सूर तोडला नव्हता. पण गावाला कारण हवं होतं आणि ते समोर गडग्यापलीकडे बसलेलं होतं. पंचांनी ठरवलं की देवीला कौल लावायचा. ह्याच्याकडे चाकरी ठेवायची का, ते देवीनेच सांगावं.

कौल असा लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी लगेच पडते, कधी तास-दीड तास काही पडत नाही.

त्या सकाळी सगळं गाव देवळात जमलं होतं. पाच पंच गाभाऱ्यापाशी बसलेले, त्यांत वडील उपरणं घेऊन. म्हातारा खांबापाशी हात जोडून उभा. आधी थोरल्या पंचाने त्याला विचारलं, "सूर का तुटला? सांग देवीसमोर."

म्हातारा म्हणाला, "वय झाला."

"वय झालं तर सकाळच्या पूजेत कसा तुटत नाही?"

"वय झाला," तो पुन्हा म्हणाला.

तो आमच्याकडे बघत नव्हता. वडिलांकडेही नाही. खरं कारण सांगितलं असतं तर माझा दमा गावभर झाला असता. आईला त्याने "कुनाला बोलू?" म्हटलं होतं आणि ते तो पाळत होता. मी वडिलांकडे बघत होते. मला वाटत होतं की आता ते बोलतील. त्यांना काय बोलायचं हेही मी मनात तयार करून ठेवलं होतं. एवढंच, की तो माझ्या मुलीसाठी सूर तोडायला शिकला, दोष द्यायचा तर मला द्या. वडील उपरण्याच्या दशा सारख्या करत होते.

गाऱ्हाणं झालं. पाकळ्या लागल्या. काहीच पडेना. गुरवाने धूप वाढवला, एकदा, दोनदा. देऊळ लहान, माणसं दाटलेली, त्यांतला एकही जण हलत नव्हता. धूर खाली उतरला आणि माझ्या छातीत शिरला. मी उशी दाबावी तसं तोंड आईच्या पदरात दाबलं. उपयोग झाला नाही. त्या शांततेत माझी घुरघुर सुरू झाली. डोकी वळली. आईने माझा दंड धरला, पण बाहेर न्यायला वाट नव्हती. मी घेत होते आणि सोडत नव्हते.

मग खांबापासून सूर आला. सनई त्याच्या हातात नव्हती, ती त्याच दिवसापुरती काढून घेतलेली होती. तो तोंड मिटून गळ्यातून तो स्वर काढत होता. चार मोजेपर्यंत गेला आणि त्याने तो तोडला, आणि सूं करून श्वास घेतला. पुन्हा धरला. पुन्हा तोडला. ज्या देवीसमोर सूर तुटला म्हणून त्याचा न्याय चालला होता, तिच्यासमोर तो सगळ्या गावादेखत पुन्हा पुन्हा सूर तोडत होता. माझी छाती त्याच्या मागून गेली. काय करणार, तिला तेवढंच येत होतं. दहा-बारा सुरांत खांदे खाली आले. सूर तुटला की मी श्वास घेते, हे तिथल्या आंधळ्यालाही दिसलं असतं.

थोरल्या पंचाने वडिलांना विचारलं, "तुमच्या मुलीला दमा आहे काय हो?"

वडील म्हणाले, "नाही. धूर लागला तिला."

म्हातारा थांबला. त्याने पुन्हा हात जोडले. माझा श्वास तोवर लागला होता, म्हणजे मला बोलता आलं असतं. मी अकरा वर्षांची होते, तोंडाळ होते, घरात एक शब्द खाली पडू देत नसे. पण मी बोलले नाही. वडिलांचा मान राखायचा म्हणून नव्हे. माझंही लग्न व्हायला हवं होतं, मला शालू नेसून मिरवायचं होतं, म्हणून. हे मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे.

थोड्या वेळाने डावी पाकळी पडली.

चाकरी गेली. ओढ्याकाठचा भाताचा तुकडा गेला. सूर धरायला खालच्या गावातून दुसरा घडशी आणला. त्याचा सूर कोता होता, पण तुटत नसे. म्हाताऱ्याची सनई देवळाची म्हणून देवळात जमा झाली. गुरांची साथ पावसाळ्यापर्यंत चालली आणि मग आपली आपण थांबली. देवीचा कोप उतरला म्हणून वडिलांसकट सगळ्या पंचांनी नारळ फोडले.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झाकलं, तेही सांगून टाकते. माझं लग्न पंधराव्या वर्षी राजापूरला लावलं. दमा आठव्या दिवशी उघडा पडला, सासूने चुलीत ओली लाकडं घातली तेव्हा. वडिलांना बोलावून घेऊन सासरच्यांनी चार माणसांत विचारलं, "हे ठाऊक होतं ना तुम्हाला?" वडील म्हणाले, "धूर लागला असेल." मी स्वयंपाकघरात उभी होते. मला हसू आलं. आईला मी ते कधी सांगितलं नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी, कौलाला दोन वर्षं होत आली असताना, म्हातारा गेला. त्या दोन वर्षांत तो गडग्यापाशी एकदाही आला नव्हता. मी कधी हाक मारली तर परसातून उत्तर यायचं, "बाय, आता सूर नाय माज्याकडं. तुला येतो ना आता? मग झाला." मला खरंच येत होतं. दमा उठला की मी स्वतःच तोंड मिटून तो स्वर काढायचे आणि स्वतःच तोडायचे. श्वास लांबलाही होता.

शेवटची थंडी त्याच्या छातीवर बसली. दोन दिवस गडग्यापलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. तो आवाज मला माझ्या आवाजासारखा ओळखीचा होता. तो घेत होता आणि सोडत नव्हता. आख्ख्या आयुष्यात ज्याचा श्वास कुणी ऐकला नाही, त्याचा आता दोन परसांपलीकडे ऐकू येत होता. मी आईला म्हणाले, मी जाते. आई म्हणाली, तिथे वाडीतली माणसं जमली असतील, तू जाऊन काय करणार, आणि लोक पुन्हा बोलायला लागतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन परसात आलं होतं, मी उठून गडग्यापाशी गेले. पलीकडे त्याच्या पडवीत बाज दिसत होती, त्याच्यावर घोंगडी आणि घोंगडीखाली वरखाली होणारे खांदे. म्हातारी पायाशी बसलेली. मी आमच्या बाजूला उभी राहिले आणि तोंड उघडून तो सूर लावला. मोठ्याने, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. मला माझ्या लांब श्वासाची ऐट होती. माझा सूर किती लांब गेलाय ते त्याला ऐकवायचं होतं. मी तो धरला आणि धरूनच ठेवला, छाती रिकामी होईपर्यंत.

मागे पावलं वाजली. वडील कचेरीत जायला निघाले होते. कोट अंगात, छत्री हातात. आता कानाखाली बसणार म्हणून मी मान आखडली, पण सूर सोडला नाही.

ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. पलीकडे बघत नव्हते, गडग्याच्या दगडांकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "एवढा लांब नको. चार मोजलेस की तोड. त्याला श्वास घ्यायला जागा ठेव."

मी तोडला. सूं करून श्वास घेतला. त्या जागेत पलीकडून त्याचाही आला. मी पुन्हा धरला, पुन्हा तोडला. आठ-दहा वेळा तो माझ्या मागून आला, एकदा तर इतका नीट की म्हातारीने मान वर केली. खांदे थोडे खाली आले. मग एका जागेत काही आलं नाही. मी पुढचा सूर धरला आणि तोडला आणि वाट बघितली. त्याच्या पुढचाही.

"पुरे आता," वडील म्हणाले आणि छत्री काखेत मारून शहराच्या वाटेला लागले.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. चार. बरोबर चार, म्हातारा माझ्यासाठी सूर तोडायला लागल्या दिवसापासून चारावर तोडायचा, आणि हे मी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं रोज सकाळी ते रहाटाशी, आमच्याकडे पाठ करून, दात घासत उभे असायचे आणि मोजत असायचे. म्हणजे देवळात थोरल्या पंचाने "सूर का तुटला?" विचारलं तेव्हा उत्तर त्यांना पाठ होतं.